हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर घेताना: आधी लाकूड मोजा, मग टन बघा

न्यू यॉर्कची हडसन व्हॅली, पश्चिम मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या या पट्ट्यात शहर सोडून एक-दोन एकर जमिनीचं घर घेतलं की त्याबरोबर दोन गोष्टी हमखास पदरात पडतात: दिवाणखान्यात एक वुडस्टोव्ह आणि मागे कधी ना कधी पाडावं लागणारं एखादं मोठं झाड. पहिल्याच हिवाळ्यात हीटिंग ऑइलचं बिल येतं, बर्फाच्या वादळात वीज जाते, आणि तोवर शोभेचा असलेला स्टोव्ह कामाचा होतो. मग कुऱ्हाड आणली जाते. दोन फूट व्यासाच्या ओकच्या ओंडक्यावर ती उसळून परत आली की लॉग स्प्लिटरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर रेटून ओंडके फोडणाऱ्या यंत्राचा, शोध सुरू होतो.

दुकानात गेलात की यंत्रावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत त्याचा जोर टनांत लिहिलेला दिसतो: २२, २७, ३७. नवा माणूस तेवढ्यावरच निवड करतो, आणि तिथेच त्याचे पैसे वाया जाण्याची शक्यता असते. तुमच्या कामाला कोणतं यंत्र लागेल हे ओंडक्याचा व्यास, लाकडाची जात आणि तुमची पाठ या तीन गोष्टी ठरवतात. म्हणून सुरुवात लाकडापासून करू.

पायरी १: टेप घेऊन अंगणात जा

इथे सरपण कॉर्डमध्ये मोजतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणून विकतात ती १६ इंची तुकड्यांची एकच ओळ असते, म्हणजे पूर्ण कॉर्डचा एक तृतीयांश. लाकूड विकत घेताना हा फरक विचारून घ्याच. वर्षाला एखादी कॉर्ड जाळणाऱ्याला आणि पूर्ण घर लाकडावर ठेवणाऱ्याला एकच यंत्र सोयीचं पडत नाही.

मग तुमच्याकडच्या ओंडक्यांचा व्यास मोजा. सगळ्यात मोठा किती आहे ते बघाच, पण बहुतेक ओंडके केवढे आहेत ते जास्त महत्त्वाचं. स्टोव्हच्या पेटीप्रमाणे लांबी साधारण १६ इंच ठेवतात.

आता वजन. ओला रेड ओक घनफुटाला सुमारे ६३ पौंड भरतो. १६ इंच लांबीचा ओंडका १२ इंच व्यासाचा असेल तर तो ६५ पौंडांच्या आसपास, म्हणजे ३० किलो होतो. एक माणूस तो उचलतो. व्यास २४ इंच झाला की तोच ओंडका २६० पौंडांच्या पुढे, १२० किलोच्या घरात जातो. ३० इंचाचा तर चारशे पौंड ओलांडतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, हे गणित डोक्यात पक्कं ठेवा. पुढे यंत्र आडवं हवं की उभं, हा प्रश्न याच आकड्यावर सुटणार आहे.

जात ओळखणंही तितकंच गरजेचं आहे. अ‍ॅश आणि सरळ वाढलेला रेड ओक सुरेख फुटतात. पाचर दोन-तीन इंच आत गेली की टाळी वाजल्यासारखा आवाज करून दोन फाका होतात. शुगर मेपल जरा झुंजवतो, हिकरी त्याहून जास्त. एल्मची गोष्टच निराळी. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. पाचर पूर्ण आरपार गेली तरी दोन्ही फाका नारळाच्या काथ्यासारख्या धाग्यांनी एकमेकींना धरून राहतात, आणि ते कुऱ्हाडीने तोडावे लागतात. तुमच्याकडे एल्म जास्त असेल, किंवा खोडाला जिथे फांद्या फुटतात ती बेचकी जास्त असतील, तर जोर लागणार हे गृहीत धरा.

या भागात सध्या अ‍ॅश भरपूर मिळतो, आणि त्यामागचं कारण वाईट आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. त्यानंतर त्याने पूर्वेकडची अ‍ॅशची जंगलं पोखरली. मेलेला उभा अ‍ॅश फोडायला सोपा असला तरी पाडायला धोक्याचा असतो, कारण वाळलेल्या फांद्या अवचित तुटून डोक्यावर येतात. पाडण्याचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. अशी कीड लाकडाबरोबर प्रवास करते म्हणून न्यू यॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेलं सरपण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही, आणि बाहेरच्या राज्यातून आत आणताही येत नाही. दूरच्या मित्राने फुकट ओंडके देऊ केले तरी ट्रक काढण्याआधी नियम बघा.

पायरी २: यंत्र खरंच विकत घ्यायचं का, हे ठरवा

सरळ अ‍ॅशचे १२ इंची ओंडके आणि वर्षाला एखादी कॉर्ड एवढंच काम असेल तर ८ पौंडांचा घण-कुऱ्हाडा पुरतो. इथे त्याला मॉल म्हणतात. झाड एकदाच पडलंय आणि पुढची काही वर्षं दुसरं पडणार नाही, अशी स्थिती असेल तर भाड्याने आणा. शनिवारी सकाळी आणायचं असेल तर त्याआधी सगळे ओंडके कापून, एका जागी गोळा करून, यंत्र उभं राहील तिथपर्यंत लोटून ठेवा. भाड्याच्या दिवसात ओंडक्यांनी यंत्राची वाट बघावी, यंत्राने तुमची वाट बघू नये.

दरवर्षी तीन-चार कॉर्ड लागणार असतील आणि ओंडके दीड फुटांच्या पुढचे असतील, तर मात्र स्वतःचं यंत्र घेणं योग्य. ओक फोडल्यावर वाळायला दोन उन्हाळे घेतो. न फोडलेला जाड ओंडका तर वर्षानुवर्षं आतून ओला राहतो. यंत्र घरचं असलं की वसंतात सवडीने, दोन-दोन तास काम होतं. ताज्या फोडलेल्या बाजूवर मीटर लावल्यावर ओलावा २० टक्क्यांच्या खाली दिसला तरच लाकूड जाळावं. ओल्या लाकडाने धुराड्यात डांबरी काजळी साचते आणि तिनेच आगी लागतात.

पायरी ३: टनांचा हिशेब स्वतः करा

हायड्रॉलिक यंत्राचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. यात तिसरं काही नसतं. दाब पीएसआयमध्ये म्हणजे चौरस इंचाला पौंडांत असतो. सिलिंडरच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात. हे दोन आकडे यंत्राच्या माहितीपत्रकात शोधा आणि मोबाइलवर गुणाकार करा.

४ इंच बोअरचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. दाब ३,००० पीएसआय धरला तर जोर सुमारे ३७,७०० पौंड होतो. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे हे झाले जेमतेम १९ टन. साडेचार इंच बोअरला तोच दाब सुमारे २४ टन देतो, ५ इंच बोअरला साडेएकोणतीस. आता समजा ४ इंच बोअरच्या यंत्रावर ‘२७ टन’ लिहिलंय. तेवढा जोर यायला सुमारे ४,३०० पीएसआय दाब लागेल. पंप आणि व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचे आहेत का, हे दुकानदाराला सरळ विचारा. पटणारं उत्तर नाही मिळालं तर त्या आकड्यावर एक डॉलरही जास्त देऊ नका. युरोपी बनावटीच्या यंत्रांवरचा टन हजार किलोचा असतो, अमेरिकी टन ९०७ किलोचा. तुलना करताना एवढं लक्षात असू द्या.

मग किती टन पुरे? माझं मत असं की सरळ लाकूड आणि दोन फुटांपर्यंतचे ओंडके असतील तर हिशेबाने खरे उतरणारे २० टन भरपूर होतात. गाठाळ मेपल, हिकरी, एल्म किंवा अडीच फुटी ओंडके नेहमीचे असतील तर ५ इंच बोअर घ्या. त्याच्या पुढचा जोर घरगुती कामात क्वचितच लागतो.

यंत्राचा जोर कमी पडतोय असं वाटलं तर फोडण्याची पद्धत बदलून बघा. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध पाचर घातली की सगळी रुंदी एकदम फाडावी लागते. त्याऐवजी कडेपासून तीन-चार इंचांवर पाचर लावा, एक फाक सोडवा, ओंडका थोडा फिरवा, पुढची फाक काढा. असं गोल फिरत गेलं की ओंडका लहान होत जातो आणि मधला गाभा शेवटी सहज फुटतो. गाठ असेल तर पाचर तिच्या शेजारून जाऊ द्या, गाठीतून नको. बेचकं असेल तर त्याचं दोन फांद्यांचं टोक फूटप्लेटकडे, म्हणजे पाचरीसमोरच्या ज्या पोलादी पट्टीला ओंडका टेकतो तिच्याकडे, ठेवून बुडाकडून पाचर घाला. कडाक्याच्या थंडीत गोठलेलं ओलं लाकूड चटकन तडकतं. जानेवारीतली कोरडी सकाळ या कामाला उत्तम.

पायरी ४: पंप आणि वेग

बोअर मोठा झाला की जोर वाढतो, पण सिलिंडर भरायला तेल जास्त लागतं आणि यंत्र मंदावतं. म्हणून पंप मिनिटाला किती गॅलन तेल देतो ते बघायचं, माहितीपत्रकात ते जीपीएम म्हणून लिहिलेलं असतं. एका गॅलनात २३१ घनइंच असतात. ४ इंच बोअर आणि २४ इंच दांडा-चाल असेल तर पुढे जायला सुमारे ३०० घनइंच तेल लागतं. ११ जीपीएमचा पंप ते सात सेकंदांत भरतो, आणि परतीसह फेरी तेरा सेकंदांच्या आसपास होते. १६ जीपीएमला तीच फेरी नऊ सेकंदांत. ५ इंची सिलिंडरला ११ जीपीएमचा पंप जोडला असेल तर नुसतं पुढे जायलाच अकरा सेकंद जातात. एकट्याने काम करणाऱ्याला तेरा सेकंदांची फेरी पुरेशी आहे, कारण पुढचा ओंडका ठेवायला तेवढा वेळ लागतोच. दोघं-तिघं मिळून दिवसाला दोन कॉर्ड पाडणार असाल तरच मोठ्या पंपाला पैसे घाला.

पंप टू-स्टेज आहे याची खात्री करा. असा पंप सुरुवातीला कमी दाबाने भरपूर तेल देतो, म्हणून पाचर झपाट्याने लाकडापर्यंत पोहोचते. लाकडाने अडवलं की तो आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो, तेल सुमारे पाव होतं, दाब चढतो. हा बदल कानाने ओळखता येतो: इंजिनाचा सूर खाली उतरतो, दांडा रांगायला लागतो, ओंडका कुरकुरतो, आणि तडा गेला की सूर पुन्हा चढतो. नवख्याला वाटतं यंत्र बंद पडतंय. ते बरोबर काम करतंय. मात्र दांडा पूर्ण थांबून इंजिन गुरगुरत राहिलं तर हँडल लगेच सोडा आणि ओंडका फिरवून घ्या.

पायरी ५: आडवं, उभं की उचलणारं

माझ्या मते पाठ वाचते की जाते हे याच निवडीवर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका.

आडव्या यंत्रात ओंडका उचलून बीमवर, म्हणजे यंत्राच्या लांब पोलादी तुळईवर, ठेवावा लागतो. फुटभर व्यासापर्यंत ते ठीक. १२० किलोचा ओंडका कोणी उचलू नये, दोघांनी मिळूनही नको. म्हणून घरगुती यंत्रांपैकी बरीच दोन्ही प्रकारे चालतात: खीळ काढून बीम उभा केला की फूटप्लेट जमिनीला टेकते आणि ओंडका लोळवत तिच्यावर आणता येतो. मोठ्या ओंडक्यांना हा उपाय चांगला आहे. पण उभ्या यंत्रासमोर वाकून दिवस काढू नका. बुटकं स्टूल घ्या आणि बसून काम करा. फूटप्लेटवर ढलप्या साचल्या की ओंडका डगमगतो, त्या काठीने दूर करत राहा, हाताने नको. ओंडके लोळवायला कँटहुक नावाचा लांब दांड्याचा आकडा मिळतो. स्प्लिटरबरोबर तो घ्याच.

तिसरा प्रकार हायड्रॉलिक लिफ्टचा. यंत्राच्या बाजूला असलेला हात त्याच पंपाच्या तेलावर चालतो आणि जमिनीवरचा ओंडका बीमवर आणून ठेवतो. किंमत बरीच वाढते. पण वय पन्नाशीच्या पुढे असेल, कंबर एकदा धरलेली असेल आणि ओंडके दोन फुटी असतील, तर मी इंजिनातले आणि टनांतले पैसे वाचवून लिफ्टला घालीन.

लिफ्ट नसताना अवजड ओंडका आलाच तर तो आडवा ठेवून, चेनसॉ सालीवरून तंतूंच्या दिशेने चालवून त्याचे दोन भाग करता येतात. लांब शेवयांसारखा भुसा निघतो म्हणून याला इथे नूडलिंग म्हणतात.

बीमची उंचीही बघा. दुकानात यंत्रासमोर उभे राहा आणि हँडल धरल्याचा, ओंडका सरकवल्याचा अभिनय करा. बीम गुडघ्याच्या खाली येत असेल तर दोन तासांत कंबर बोलेल. फुटलेली फाक पायावर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आधाराचे पाळणे असलेलं यंत्र घ्या. मोठी फाक तिथेच थांबते आणि पुन्हा फोडायला वाकावं लागत नाही.

बाकीचं थोडक्यात

पाचर दांड्याला जोडलेली असते किंवा बीमच्या टोकाला. दुसऱ्या प्रकारात दांडा ओंडक्याला पाचरीवर ढकलतो आणि फाका पलीकडे पडत जातात, रास उभारायला सोयीचं. यावरच चौफाळी पाचरही छान बसते, एका फेरीत चार तुकडे; पण तिला जोर जास्त लागतो, आणि गाठाळ लाकडात ती अडकते.

इंजिन ओळखीच्या कंपनीचं असावं, ज्याचे भाग तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. होंडाची जीएक्स मालिका भाड्याच्या यंत्रांवरही खूप दिसते, ती टिकाऊ आहे.

विजेवर चालणारी ५ ते ७ टनांची यंत्रंही मिळतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालतात, धूर नाही, आवाज कमी. १० इंचांपर्यंतच्या सरळ लाकडाला चांगली. मोठ्या ओंडक्यांसाठी ती नाहीत. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर लावली तर मोटर जळू शकते.

यंत्र गाडीमागून ओढायचं असेल तर चाकांचा वेग मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेकांवर ताशी ४५ मैलांची मर्यादा असते. काही यंत्रं फक्त अंगणात ओढण्यापुरतीच बनवलेली असतात.

जुनं यंत्र घेताना

चांगलं जपलेलं जुनं यंत्र नव्याइतकंच काम देतं. विकणाऱ्याला सांगा की तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचंय. दांडा पूर्ण बाहेर काढायला लावा आणि चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे आहेत का ते निरखा. असतील तर सील टिकणार नाही. बीमच्या कडेने एक डोळा मिटून बघा, वाकलेला बीम लगेच कळतो. पाचरीच्या आणि फूटप्लेटच्या वेल्डिंगला तडा नको. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी आहे. आणि स्वतःचा एक गाठाळ ओंडका बरोबर घेऊन जा. विकणाऱ्याच्या अंगणातला सरळ ओंडका कुठलंही यंत्र फोडतं.

पहिला दिवस

नवी यंत्रं बऱ्याचदा इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिक तेल न भरताच येतात. पंप कोरडा फिरला तर बघता बघता खराब होतो, म्हणून दोन्ही तेलं भरल्याशिवाय इंजिन सुरू करायची दोरी ओढायची नाही. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला. थंड प्रदेशात ते पातळ असावं लागतं, कारण इंजिन सुरू करताना जोडलेला पंपही त्याच्याबरोबर फिरतो आणि घट्ट तेलात दोरी ओढवत नाही. सुरू झाल्यावर ओंडका न ठेवता दांडा पाच-सहा वेळा पूर्ण पुढे-मागे करा, नळ्यांतली हवा निघून जाईल. मग दांडा मागे घेऊन, इंजिन बंद करून तेलाची पातळी पुन्हा बघा. ती खाली गेलेली असणारच, कारण सिलिंडर भरलाय. पुन्हा भरा.

यंत्र सपाट जागी, चाकांना अडणी लावून, मोकळ्या हवेत चालवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणंसुद्धा नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पोलादी टोकाचे बूट. सैल बाह्या, ओढणी, लोंबणारी दोरी अंगावर नको. ओंडक्याची दोन्ही टोकं सरळ कापलेली असावीत आणि तो तंतूंच्या दिशेनेच ठेवावा. आडवा ठेवला तर तो फुटत नाही, उडतो.

मदतीला कोणी असेल तर नियम एकच: जो ओंडका ठेवतो तोच हँडल चालवतो. एकाचा हात ओंडक्यावर आणि दुसऱ्याचा हँडलवर, असं एकदाही करू नका. मुलं आणि कुत्रा घरात.

तेल गळतंय असं वाटलं तर नळीवर हात फिरवून शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून तीन हजार पीएसआयने निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखतही फारसं नाही, पण आत गेलेल्या तेलाने बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर जखम लहान आहे म्हणून थांबू नका, तडक इमर्जन्सीत जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा मोठा तुकडा नळीजवळ धरा, डाग जिथे उमटेल तिथे छिद्र. इंजिन बंद करा, हँडल दोन्हीकडे हलवून दाब काढून टाका, आणि मगच पान्याला हात घाला.